दाणा बाजाराजवळचं मसाल्याचं दुकान, जळगाव

मागचा सीझन मी फिनलंडमधल्या एका व्हॉलीबॉल क्लबकडून खेळले. सेटर आहे, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी. ऑक्टोबरपासून सलग सात सामने हरलो, त्यातले तीन 3-2 ने. पाच सेट झुंजूनही हरणाऱ्याच्या पदरात एकच गुण पडतो. डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार, घोटा मुरगळलेला, पगार महिनाभर रखडलेला. घास उतरत नव्हता.

तेव्हा आईने या दुकानातून पार्सल पाठवलं: काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, जाड शेव, बिबड्या (ज्वारीचे पापड). दुकानातल्या काकूंनी तिला आधी विचारलं, "पोरगी तठे काय खास?" (पोरगी तिथे काय खाते?) आई साजूक तूपही घालणार होती, काकूंनीच अडवलं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध-तुपाचे पदार्थ पार्सलने आणू देत नाहीत. कुरिअरवाल्याने हे सांगितलंच नव्हतं. ते तूप गेलं असतं तर अख्खा डबा अडकला असता.

मसाला अस्सल आहे. खोबरं खमंग भाजलेलं, तिखट घशाशी न लागणारं. त्या रात्री शेवभाजी केली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आमच्या ब्राझीलच्या ब्लॉकरने घाम पुसत दोनदा वाढून घेतलं.

बिबड्यांचा मात्र चुरा झाला होता. त्या पुठ्ठ्याच्या डब्यात भरून द्यायला हव्यात, हे काकूंना मी परवा सांगितलं. भाव थोडा चढा आहे. सप्टेंबरात पुन्हा निघतेय, दोन किलो मसाला सांगून ठेवलाय.