एकशे बाराव्या पानावरची ओळ

माझा पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच एका प्रकाशन संस्थेचा मेल आला : ‘आपलं संशोधन मौलिक आहे, पुस्तकरूपानं यायलाच हवं.’ मी तेव्हा सहयोगी प्राध्यापकपदाच्या अर्जाची जुळवाजुळव करत होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला 10 गुण आहेत, ते डोळ्यांसमोर नाचत होते. अठरा हजार भरले. पावतीवर लिहिलं होतं, ‘आयएसबीएन व तज्ज्ञ-परीक्षण शुल्क’.

नवव्या दिवशी निरोप आला : परीक्षण झालं, एकही दुरुस्ती नाही. साडेतीनशे पानांत एकही नाही! माझ्या गाइडनी तीन वर्षं याच मजकुराची पानं लाल शाईनं भरून परत दिली होती. तिथंच थांबायला हवं होतं. प्रूफं मागितली, तर म्हणाले, ‘फाइल प्रेसला गेली, मॅडम.’

पंचवीस प्रती घरी आल्या. खानदेशातल्या जिनिंग कामगारांच्या मजुरीचा एक तक्ता मी पुस्तकासाठी नव्यानं घातला होता. 112 व्या पानावर त्याच्याखाली माझी स्वतःसाठीची नोंद जशीच्या तशी छापलेली : ‘हा आकडा पुन्हा तपासणे.’ शेवटच्या दोन प्रकरणांच्या माथ्यावर तर भलत्याच पुस्तकाचं नाव. म्हणजे कुणीही, अगदी कुणीही ते वाचलं नव्हतं. मुलाखतीत एका तज्ज्ञांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

आयएसबीएनसाठी आपल्याकडे पैसे लागत नाहीत. शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन राय एजन्सी तो मोफत देते, लेखकालाही परस्पर अर्ज करता येतो. शिवाय तो नुसता पुस्तकाचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. परीक्षण झालं म्हणतात ना, मग परीक्षकाचा लेखी अहवाल मागा. नाव झाकून द्या म्हणावं, पण अहवाल हवाच. त्यांच्या दोन जुन्या लेखकांना फोन करा. प्रूफं हातात येईपर्यंत पैसे सोडू नका.

आणि करार नीट वाचा. हक्क किती मुदतीसाठी दिले ते लिहिलं नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती मुदत पाच वर्षं धरतात. माझ्या कागदावर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता आणि खाली माझी सही. आता दुसऱ्या एका प्रकाशकांना खरोखरच हे पुस्तक नीट संपादन करून काढायचं आहे, पण त्या एका शब्दापायी वकिलाकडे खेपा चालू आहेत. सही करण्याआधी कुणाला तो करारनामा ताडून पाहायचा असेल, तर जरूर मागा, मी दाखवीन.