लिस्बोआ कार्ड कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये

लिस्बोआ कार्ड म्हणजे लिस्बनच्या पर्यटन संस्थेचं अधिकृत कार्ड. ते २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं. २०२५ मधले मोठ्यांचे दर अनुक्रमे ३१, ५१ आणि ६२ युरो. मेट्रो, कॅरिस या शहर वाहतूक कंपनीच्या बस आणि ट्राम, जवळच्या सिंत्रा आणि काश्काइश या गावांना जाणाऱ्या लोकल गाड्या आणि बऱ्याच सरकारी वास्तूंचा प्रवेश एवढं सगळं त्यात येतं. कार्ड चांगलं आहे, पण सरसकट सगळ्यांसाठी नाही. ४८ किंवा ७२ तासांचं कार्ड नीट आखणी करणाऱ्याला परवडतं. २४ तासांचं घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा फारसं काही लागत नाही.

२०२५ च्याच दरांनी हिशोब करून पाहू. बेलेम भागातल्या जेरोनिमोस मठाचं तिकीट १८ युरो, शहराच्या मध्यातल्या जुन्या सांता जुस्ता लिफ्टचं सहाच्या आसपास, मेट्रो-बस-ट्रामचा दिवसभराचा पास सातच्या आसपास. बेरीज ३१, म्हणजे २४ तासांच्या कार्डाची जेमतेम किंमत वसूल. पूर्वी बेलेमच्या बुरुजाचे १५ युरो जमेला धरता यायचे, पण तो २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. तो पुन्हा उघडल्याची खात्री झाल्याशिवाय हिशोबात धरू नका. ७२ तासांत तीन दिवसांच्या प्रवासाचे २१, सिंत्राचं जाणं-येणं सुमारे ५, मठ १८ आणि लिफ्ट ६ मिळून ५० होतात. उरलेले १२ युरो एक-दोन संग्रहालयांत सहज निघतात. संग्रहालयांत पाऊलच टाकायचं नसेल, आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या आणि टेकड्यांवरचे कठडे हीच सहल असेल, तर कार्ड घेऊ नका.

कार्डात काय नाही, हे जास्त महत्त्वाचं, कारण लोकांची निराशा तिथेच होते. साओ जॉर्ज किल्ला कार्डात फुकट नाही. सिंत्राचा पेना महालही नाही, त्यावर थोडी सूट तेवढी मिळते. सिंत्रा स्थानकाबाहेरून पेनाकडे चढणारी ४३४ क्रमांकाची बस वेगळ्या कंपनीची आहे, तिचे पैसे वेगळे. म्हणजे सिंत्राच्या दिवशी कार्डाचा उपयोग मुख्यतः रॉसियो स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीपुरता, साधारण चाळीस मिनिटांच्या प्रवासाला. पेनाच्या तिकिटावर महालात शिरायची वेळ छापलेली असते. ती वेळ महालाच्या दाराची, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंतची चढण आणि मधली रांग धरून अर्धा तास हाताशी ठेवा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, आणि सहलीतलं सगळ्यात महागडं तिकीट तिथेच वाया जातं.

कार्ड कधी सुरू करायचं यावर अर्धा फायदा अवलंबून आहे. वेळ मोजली जाते ती तासांनी, आणि घड्याळ सुरू होतं पहिल्या वापरापासून. संध्याकाळी सात वाजता विमानातून उतरून ते मेट्रोच्या फाटकावर टेकवलंत, तर पहिले बारा-चौदा तास झोपेत आणि बंद संग्रहालयांत गेले. त्या संध्याकाळी मेट्रोचं साधं तिकीट काढा, दोन-अडीच युरोंत काम होतं. कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. उलट सकाळी अकराला सुरू केलेलं २४ तासांचं कार्ड दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालतं, म्हणजे साडेनऊला उघडणारी एखादी वास्तू त्यात आणखी बसते. ऑनलाइन खरेदी केली तर हातात पावती येते. ती विमानतळावरच्या आगमन कक्षातल्या किंवा प्रासा दो कॉमेर्सियो चौकातल्या पर्यटन खिडकीवर देऊन कार्ड घ्यावं लागतं. खिडकी बंद व्हायच्या सुमारास विमान उतरत असेल, तर बदलून घेण्याचं काम दुसऱ्या सकाळीच ठेवा.

सोमवार हा या कार्डाचा वैरी. मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर याही सुट्ट्या. सहलीत सोमवार येणारच असेल तर तो सिंत्राला द्या, तिथले महाल सोमवारीही उघडे असतात.

बेलेमला ट्राम १५ ने जातात, आणि ती खच्चून भरते. काइश दु सोद्रे स्थानकावरून काश्काइशची थांबत जाणारी गाडी पकडली तर सात-आठ मिनिटांत बेलेम येतं, आणि तीही कार्डात आहे. कार्ड दर वेळी, दर फाटकाला टेकवायचं. गाडीत तपासनीस असतात, आणि न टेकवलेलं कार्ड म्हणजे विनातिकीट प्रवास.

जेरोनिमोस मठात कार्डामुळे तिकीट खिडकीची रांग वाचते, आत शिरण्याची वाचत नाही. उघडायच्या आधी अर्धा तास पोहोचा, नाहीतर दुपार उतरल्यावर जा. दहा ते दोन ही सगळ्यात वाईट वेळ. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: मठाला लागून असलेल्या चर्चला तिकीटच नाही, आणि त्याची रांगही वेगळी आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजव्या हाताला कवी कामोइंशची. वास्को १५२४ मध्ये कोचीत वारला. म्हणजे फक्त कबर पाहायची असेल तर १८ युरोही नकोत. तिकीट लागतं ते मठाच्या दुमजली अंगणाला, आणि ते पैसे वसूल होतात. खांबाखांबावर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी आणि समुद्री वेली आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोरीवकाम किती खोल आहे ते दिसतं. १५०१ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामाचा मोठा खर्च पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून निघाला. गोव्या-कोकणातून आलेल्या माणसाने इथे घाईने फिरू नये.

बेलेमचा बुरूज आतून बंद असला तरी बाहेरून पाहण्याजोगी एक गोष्ट आहे. नदीला लागून असलेल्या पश्चिमेकडच्या एका छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने गोव्याहून जहाजाने पोर्तुगालचा राजा मानुएल याला पाठवला. तो १५१५ च्या मे महिन्यात इथेच उतरला. दगड झिजला आहे. छोटी दुर्बीण किंवा फोनचा झूम असला तर डोकं ओळखू येतं.

कार्डातल्या संग्रहालयांपैकी एकच निवडायचं तर प्राचीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय निवडा. तिथल्या जपानी पडद्यांवर गोव्याकडून नागासाकीला आलेली पोर्तुगीज जहाजं आणि त्यांवरची माणसं रंगवलेली आहेत. शिवाय १५०६ ची बेलेमची सोन्याची कुस्तोदिया, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद ठेवायचं पात्र, आहे. वास्कोने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या सुलतानाकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्याची ती घडवली. दोन तास तरी द्या.

सांता जुस्ता लिफ्टची रांग तासभर असेल तर उभे राहू नका. शियादो भागातून चालत कार्मोच्या चौकात गेलात की लिफ्टच्या वरच्या पुलावर पायी पोहोचता येतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलरचा, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा, भीषण अपघात झाला, आणि शहरातली इतर फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवली गेली. त्यामुळे लिफ्ट आणि फ्युनिक्युलर यांपैकी काय चालू आहे हे कॅरिसच्या संकेतस्थळावर पाहूनच दिवस आखा. ट्राम २८ साठी मार्तिम मोनिझला रांगेत ताटकळण्यापेक्षा दुसऱ्या टोकाला, काम्पो द ओरिकला, सकाळी आठच्या आत चढा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, कारण ही ट्राम पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे.

मुलांचं कार्ड ४ ते १५ वयासाठी आहे. सरकारी वास्तूंत १२ वर्षांपर्यंत प्रवेश तसाही फुकट असतो, म्हणून त्या वयाच्या मुलासाठी ते घेणं म्हणजे फुकटच्या गोष्टीला पैसे मोजणं. मुलांना आणि कार्ड न घेणाऱ्या मोठ्यांना ५० सेंटचं नावेगांते कार्ड पुरतं. ते मेट्रोच्या यंत्रातून काढून त्यात झॅपिंग नावाची शिल्लक भरायची, ती सिंत्राच्या गाडीतही चालते. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात आधी सुटी तिकिटं भरली असतील तर ती संपेपर्यंत झॅपिंग भरता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच काय हवं ते ठरवा. ट्राममध्ये चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर तेवढ्याच प्रवासाला तीन युरोंहून जास्त पडतात.