छातीवरचा हार्ट रेट पट्टा, आठ महिन्यांनंतर: खोट आहे ती टिचबटणांत

सपाट रस्ता, चालायला लागून दोन मिनिटं झालेली, आणि मोबाइलवर ठोके १८७. अँजिओप्लास्टीनंतर व्यायाम सुरू केलेल्या माणसाला असा आकडा बघून धडकी भरते, आणि कारण असतं नुसतं मळलेलं टिचबटण. आठवड्यातून पाच दिवस वापरल्यावर माझी मुख्य तक्रार हीच आहे.

सेन्सर पट्ट्यावर दोन टिचबटणांनी बसतो. घामाने ओल्या पट्ट्यावर तो तसाच ठेवला की ओल दोन्ही बटणं जोडते, पट्टा छातीवरच आहे असं धरून सेन्सर रात्रभर जागा राहतो. वर्षभर पुरायची सीआर २०३२ बॅटरी मग दीड-दोन महिन्यांत बसते. शिवाय बटणांच्या कडेला मीठ साचतं, त्यावर हिरवट थर धरतो आणि आकडे तुटक येऊ लागतात. म्हणून चालून आल्यावर निदान एक बटण सोडायचंच. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून, आठवड्यातून एकदा साबणाच्या दोन थेंबांत धुवायचा. पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको, त्याचा थर इलेक्ट्रोडवर, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या कातडीला टेकणाऱ्या भागावर, बसतो. अंगाला तेल लावून पट्टा बांधला तरी तोच घोटाळा होतो.

सातव्या महिन्यात आकडे पार बिघडले, तेव्हा सर्व्हिस सेंटरने सेन्सर हातात न घेताच पूर्ण संच बदलायला सांगितलं. तेवढे पैसे घालवण्याआधी घरी एक चाचणी करा. पट्टा बाजूला ठेवा, दोन्ही अंगठे ओले करा, सेन्सरच्या एकेका बटणावर एकेक अंगठा दाबून शांत बसा. अर्ध्या-एक मिनिटात स्थिर नाडी दिसली तर सेन्सर शाबूत आहे, गेलाय तो पट्टा. सुटा पट्टा मला संचाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पडला. आधीच औषधांवर खर्च करणाऱ्याला हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

आता तो १८७. दर वेळी दोष बटणांचाच असतो असं नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट पट्ट्यावर घासला की स्थिर वीज तयार होते आणि सेन्सर तिलाच ठोके समजतो. घाम आला की आकडा आपोआप खाली येतो. इलेक्ट्रोड आधीच ओले करा, आत सुती बनियन घाला. शंका आली तर थांबून मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.

मनगटी घड्याळ का नको? झपाट्याने चालताना पावलं मिनिटाला ११०-१२० पडतात आणि हिरव्या दिव्याचा सेन्सर कधीकधी पावलांचाच ताल नाडी म्हणून दाखवतो. चालताना नाडीची मर्यादा १०५ असेल तर हा फरक फार मोठा आहे.

ही मर्यादा ॲपकडून घेऊ नका. ५२ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी ॲप २२० वजा वय, म्हणजे १६८ धरतं आणि ११८ ते १४३ ही योग्य कक्षा सांगतं. मेटोप्रोलोलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असताना हा हिशेब कोसळतो. टीएमटीत (ट्रेडमिलवर चालवून केलेल्या हृदयाच्या चाचणीत) त्याची कमाल १३२ आली आणि बसल्या जागी नाडी ६४ असेल, तर फरक ६८. त्याचे ४० ते ६० टक्के ६४ मध्ये मिळवा: ९१ ते १०५. पहिले काही आठवडे एवढंच, तेही डॉक्टरांना दाखवून. टीएमटी गोळी घेऊन केली होती की बंद ठेवून, हे आवर्जून विचारा; बंद ठेवून केली असेल तर १३२ हा आकडा तुमच्या रोजच्या चालण्याला लागू नाही. सपाटीवर ९८ असलेली नाडी पर्वतीच्या पायऱ्यांवर बघता बघता ११५ ओलांडते, म्हणून चढ नंतर. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत आणा. एकदम थांबलं की रक्त पायांत साचून चक्कर येते.

पट्टा ठोके मोजतो, रक्तवाहिनीतला अडथळा त्याला कळत नाही. छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात भरून आला तर आकडा ९५ असला तरी थांबा, बसा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सॉर्बिट्रेटची (छातीतल्या दुखण्यावरची) गोळी जिभेखाली ठेवा, आराम पडला नाही तर १०८ लावा.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं की नुसत्या चालण्यासाठी दोन बोटं पुरतात, पट्टा हा वायफळ खर्च. ते बदललं ऑफिसच्या खुर्चीतल्या नोंदींनी. बसल्या जागी ६६ असणारी नाडी महिनाअखेरच्या आढाव्यात ९०, म्हणजे जवळजवळ चालण्याइतकी, आणि पाय हललेले नाहीत. मीटिंगच्या आधीची वीस मिनिटं मीटिंगइतकीच वाईट, आणि रात्री नऊनंतर आलेला एक मेसेज नाडी पाऊण तास खाली येऊ देत नाही. चहा आणि जेवणानेही नाडी चढते, म्हणून तुलना रोज ठरावीक वेळेचीच करा. उपाय साधे: दोन मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवून त्यातली दहा कॉरिडॉरमध्ये चालायची, आणि चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. तेवढ्याने ८८ वरून ७४ पर्यंत येतं. रात्रीचे मेसेज बंद केल्याने पडलेला फरक मात्र सगळ्यांत मोठा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं होतं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचा धोका ३५-४० तासवाल्यांपेक्षा १७ टक्के जास्त असतो. वरिष्ठांशी कामाच्या तासांबद्दल बोलताना हा आकडा आणि स्वतःचा आलेख दोन्ही जवळ ठेवा.

दिवसभर पट्टा बांधून बसू नका, कातडीला चट्टे येतात. दोन आठवडे, कामाचे रोज तीन तास एवढी नोंद पुरते. बायपास झालेल्यांना पट्ट्याची कड टाक्यांच्या खालच्या टोकाला घासते. जखम पूर्ण भरेपर्यंत त्यांनी दंडावर बांधायचा सेन्सर घ्यावा.