उजवा हात प्लॅस्टरमध्ये: कॅरम की अजब बंगला?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास, त्यात पोराचा हात मोडलेला. पोहणं, सायकल, क्रिकेट सगळंच बंद.

माझं झुकतं माप कॅरमला. एक हात पुरतो. अट एवढीच की घरातल्या सगळ्यांनी डाव्या हातानेच खेळायचं. मग बाबांचा स्ट्रायकर भलतीकडेच जातो, आजीची राणी भोकाच्या तोंडाशी अडते आणि पोरगं खिदळत सुटतं. कूलरसमोर बसलं की प्लॅस्टरच्या आत घामही कमी येतो. खाज सुटली तरी पट्टी किंवा विणायची सुई आत घालू देऊ नका, कातडी सोलवटते. तासाभराने मात्र मोबाइलची भुणभुण सुरू होते, हे खरं.

अजब बंगला, म्हणजे 1863 चं मध्यवर्ती संग्रहालय, पाहायला हात लागतच नाही. पेंढा भरलेले प्राणी आणि जुनी शस्त्रं यांवर पोरं रमतात. पण उन्हाआधी निघायला हवं, सोमवारी ते बंद असतं आणि रोज रोज कोण जाणार? रमण विज्ञान केंद्राचं तारांगणही चालेल. तिथे सुट्टीत गर्दी असते, म्हणून स्लिंग बांधूनच न्या आणि मोडक्या हाताच्या बाजूने तुम्ही चाला.