नवी सिस्टिम सगळ्यांआधी वापरायची तर कुठली वाट धरावी? विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांची तुलना

विंडोज ११ ची घोषणा २४ जून २०२१ ला झाली. चारच दिवसांनी २२०००.५१ हा पहिला चाचणी बिल्ड (तयार होत असलेल्या सिस्टिमचा एक क्रमांकित नमुना) लोकांच्या हातात होता आणि पक्की आवृत्ती आली ५ ऑक्टोबरला. मधले तीन महिने ज्यांना धीर धरवला नाही, त्यांनी अर्धवट सिस्टिमवर काढले. त्यांतल्या काहींच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नव्हती किंवा प्रोसेसर यादीत बसत नव्हता. आधीपासून डेव्ह चॅनेलवर, म्हणजे चाचणी बिल्ड मिळायच्या एका वाटेवर, असल्यामुळे त्यांना तात्पुरती मुभा मिळाली होती. पक्की आवृत्ती आल्यावर मात्र डिस्क पुसून विंडोज १० वर परत जा, असं त्यांना सांगण्यात आलं.

म्हणून निवड करताना "नवीन काय मिळेल" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "परत कसं यायचं". विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांत खरा फरक तिथेच आहे, आणि त्याच मापाने इथे तुलना केली आहे.

विंडोज: चॅनेलचं नाव नव्हे, बिल्डचा आकडा बघा

मायक्रोसॉफ्टचा चाचणीसाठीचा इनसायडर कार्यक्रम २०१४ च्या शरद ऋतूत विंडोज १० च्या चाचणीसोबत सुरू झाला. तेव्हा फास्ट आणि स्लो अशा रिंग होत्या. जून २०२० मध्ये त्यांचे डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू असे चॅनेल झाले. मार्च २०२३ मध्ये कॅनरी वाढला. नावं अशी बदलत असतात, त्यामुळे चॅनेल निवडण्याआधी दोन गोष्टी शोधून काढा: त्यातला बिल्ड येणाऱ्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेला आहे की नुसता प्रयोग आहे, आणि बाहेर पडताना फॉरमॅट करावं लागतं का.

या मापाने कॅनरी सगळ्यात टोकाला. सिस्टिमच्या मुळाशी चाललेले बदल तिथे दिसतात, ते कधी पक्क्या आवृत्तीत येतील याची हमी नसते, आणि खालच्या चॅनेलवर उतरायचं तर नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. डेव्हचंही बहुतेक वेळा तसंच. कधीकधी डेव्ह आणि बीटा यांचे बिल्ड एकाच आकड्यावर येतात, तेव्हा काही दिवस सरळ उतरता येतं. तो मुहूर्त चुकला की पुन्हा फॉरमॅट. बीटा येणाऱ्या आवृत्तीशी बांधलेला असतो. रिलीज प्रीव्ह्यूमध्ये तर जवळजवळ तयार माल येतो, आणि पुढची आवृत्ती आली की या मशीनची नोंदणी आपोआप रद्द करा, असा पर्याय तिथे मिळतो. तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा.

मोठं अपग्रेड झाल्यावर 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक'चं बटण १० दिवस असतं. डिझम या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती १० दिवसांच्या आतच वाढवायला हवी. जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये पडून असते. डिस्क भरली म्हणून तो फोल्डर साफ केला की परतीचं दार बंद. १२८ जीबीच्या डिस्कवर हे हमखास होतं.

चाचणी बिल्डला मुदत असते. विंडोज कळ आणि आर दाबून 'विनव्हर' (winver) चालवलं की ती तारीख दिसते. मुदत जवळ आली की आधी सूचना येतात. तरीही अपडेट केलं नाही तर मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं आणि शेवटी सुरूच होत नाही. परीक्षेच्या काळात महिनाभर अपडेट थांबवून ठेवणाऱ्यांना हे अडचणीत आणतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. एकाच बिल्डवरच्या दोन मशीनवर एकीकडे नवी सोय दिसते, दुसरीकडे नाही. बिघाड काही नसतो, नव्या सोयी थोड्याथोड्या मशीनवर टप्प्याने चालू केल्या जातात. 'विंडोज अपडेट'मध्ये 'उपलब्ध होताच अपडेट मिळवा' हे बटण चालू असेल तर नंबर लवकर लागतो. केवळ एखादी सोय हवी म्हणून वरच्या चॅनेलवर उडी मारण्याआधी ते बटण बघा.

इनसायडर व्हायला मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं आणि डायग्नॉस्टिक डेटाची (मशीनबद्दल मायक्रोसॉफ्टकडे जाणाऱ्या माहितीची) ऐच्छिक पातळी चालू ठेवावी लागते. अशिलांची कागदपत्रं असलेल्या ऑफिसच्या मशीनवर हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंटरनेटच्या डेटाचाही हिशेब करा. नवा बिल्ड अनेकदा काही जीबींचा असतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर कॅनरी किंवा डेव्ह झेपत नाही.

कुठे टाकायचं: व्हर्च्युअल मशीन, दुसरी डिस्क की रोजचा लॅपटॉप

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं मशीन, सगळ्यात सुरक्षित. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, २ व्हर्च्युअल प्रोसेसर आणि ६४ जीबी डिस्क एवढं किमान द्यावं लागतं. म्हणजे मूळ मशीनमध्ये १६ जीबी रॅम असेल तरच काम सुखाचं होतं, ८ जीबीवर दोन्ही सिस्टिम रखडतात. हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीन चालवायचं साधन विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळतं, होममध्ये नाही. त्यात 'जनरेशन २' निवडून सिक्युअर बूट आणि टीपीएम दोन्हींवर टिचकी मारा, नाहीतर 'हे मशीन पात्र नाही' असा संदेश येतो. होम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे तसंच दुसरं साधन. त्याच्या ७.० पासून व्हर्च्युअल टीपीएम आलं आहे. प्रत्येक नव्या बिल्डआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या, बिघडलं की दोन मिनिटांत मागे.

पण व्हर्च्युअल मशीन सांगू शकत नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत: झोपेतून जागं होताना लॅपटॉप अडकतो का, बॅटरी किती टिकते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोसळतो का, फिंगरप्रिंट, वेबकॅम, वाय-फाय. बीटामध्ये माणसाला खरं छळतं ते हेच. व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळं गोड चाललं म्हणून लॅपटॉपवर टाकणारे इथेच फसतात.

म्हणून दुसऱ्या फेरीला वेगळी डिस्क उत्तम. २५६ जीबीची साधी एसएसडी पुरते. इन्स्टॉल करताना मूळ डिस्क काढून ठेवा, किंवा बायोसमध्ये बंद करा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोजचा इन्स्टॉलर बूटच्या फाइल बरेचदा आधीच्या डिस्कवरच्या ईएफआय विभाजनात टाकतो. पुढे चाचणीची डिस्क काढली की सुरुवातीच्या मेनूत भुतासारखी नोंद राहते, आणि मूळ डिस्क बिघडली तर दुसरीही सुरू होत नाही.

त्याआधी एक काम न चुकता: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमधली सेटिंग बदलली किंवा बूटचा क्रम हलला की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला.

रोजच्या लॅपटॉपवर टाकायचंच असेल तर फक्त रिलीज प्रीव्ह्यू, आणि तोही बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतल्यावर. वनड्राइव्हला आम्ही बॅकअप धरत नाही. इकडे पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते.

मॅक: आत शिरणं सोपं, माघार अवघड

सप्टेंबर २००० मध्ये मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा विकत घ्यावा लागायचा, २९.९५ डॉलरला. आज तो फुकट आहे. सार्वजनिक बीटाची सोय २०१४ पासून, आणि २०२३ पासून डेव्हलपर बीटाही साध्या अ‍ॅपल खात्यावर मिळतो. जूनमधल्या परिषदेनंतर लगेच डेव्हलपर बीटा, साधारण जुलैत सार्वजनिक बीटा, शरद ऋतूत पक्की आवृत्ती, असा वर्षाचा ठरलेला क्रम. या दोन बीटांतला फरक मुख्यतः पहिल्या चार-सहा आठवड्यांचा असतो, आणि तेच आठवडे सगळ्यात खडबडीत. अ‍ॅप बनवणारे नसाल तर सार्वजनिक बीटाची वाट बघा.

मॅकवर विंडोजपेक्षा एक गोष्ट खूप चांगली आहे. डिस्क युटिलिटीत आतला कंटेनर निवडून अधिकचं चिन्ह दाबलं की एपीएफएसचा (मॅकच्या फाइल साठवायच्या पद्धतीचा) नवा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, तयार होतो. आकार ठरवावा लागत नाही, मोकळी जागा दोन्ही व्हॉल्यूम वाटून घेतात. त्यावर आधी चालू मॅकओएस टाका, मग त्याच व्हॉल्यूममधून 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये बीटा निवडा. ५०-६० जीबी मोकळी जागा असू द्या. कंटाळा आला की व्हॉल्यूम काढून टाका, जागा परत मिळते.

मुख्य व्हॉल्यूमवरच बीटा टाकला तर मात्र मागे यायला मॅक पुसावा लागतो. अ‍ॅपल सिलिकॉनच्या (कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर प्रसंगी दुसरा मॅक आणि यूएसबी-सी केबल लावून सिस्टिम भरावी लागते. शिवाय नव्या सिस्टिममध्ये घेतलेला टाइम मशीनचा बॅकअप जुन्यावर उतरत नाही, आणि नव्या आवृत्तीने एकदा उघडलेली फोटोंची लायब्ररी जुनी आवृत्ती उघडत नाही. म्हणून चाचणीच्या व्हॉल्यूमवर रोजचं आयक्लाउड खातं जोडू नका आणि खरी फोटो लायब्ररी उघडू नका.

लिनक्स: पेन ड्राइव्हवर वीस मिनिटांत पहिला निकाल

उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा बीटा बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आयएसओ (डाउनलोड करायची सिस्टिमची फाइल) साधारण ६ जीबीची आहे, त्यामुळे ८ जीबीचा पेन ड्राइव्ह कसाबसा पुरतो. १६ जीबीचा घ्या. त्यावरून मशीन सुरू करून 'ट्राय' निवडा आणि वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, बाहेरचा मॉनिटर, झाकण बंद करून पुन्हा उघडणं, एवढं तपासा. बंद केलं की मागमूस राहत नाही. अपवाद एनव्हीडियाच्या कार्डचा: पेन ड्राइव्हवरून चालताना सहसा मुक्त ड्रायव्हर वापरला जातो, त्यावरून खेळांच्या वेगाचा अंदाज बांधू नका.

दुसरा मोठा फायदा असा की उबुंटूचा बीटा टाकून नियमित अपडेट करत राहिलात तर तोच पक्की आवृत्ती होतो. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही.

डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात टेस्टिंग आणि अनस्टेबल अशा दोन पायऱ्या. पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं आणि मोठी तक्रार नसेल तर साधारण दोन ते दहा दिवसांनी टेस्टिंगमध्ये उतरतं. टेस्टिंग धरायची उत्तम वेळ म्हणजे फ्रीज, पक्क्या आवृत्तीआधी नवे बदल थांबवतात तो काळ. डेबियन १३ च्या वेळी १५ मे २०२५ ला हार्ड फ्रीज झाला आणि ९ ऑगस्टला आवृत्ती आली. त्या बारा आठवड्यांत जवळजवळ फक्त दुरुस्त्या येत होत्या. मात्र पॅकेजच्या स्रोतांच्या यादीत 'टेस्टिंग' असं लिहू नका, आवृत्तीचं नाव लिहा. त्या वेळी 'ट्रिक्सी' (डेबियन १३ चं नाव) लिहिणारे ९ ऑगस्टला पक्क्या आवृत्तीवर स्थिर झाले, आणि 'टेस्टिंग' लिहिणारे आपोआप पुढच्या अर्धवट आवृत्तीत ओढले गेले.

अनस्टेबल तरी कुणी का वापरावं? मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसच्या विकसकाला डेबियन अनस्टेबलवर एसएसएचचं (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायच्या सोयीचं) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होताना दिसलं. त्याने कारण खणून काढलं, तर एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम चोरवाट पेरलेली सापडली. २९ मार्चला ते जाहीर झालं. उबुंटू २४.०४ चा बीटा ४ एप्रिलला यायचा होता, तो पॅकेज पुन्हा बांधून ११ तारखेला आला. आधी वापरणाऱ्या एका माणसाने अर्धा सेकंद सोडून दिला नाही, म्हणून ती चोरवाट बहुतेक पक्क्या आवृत्त्यांपर्यंत पोचली नाही.

मराठी वापरणाऱ्यांनी काय तपासावं

नवं वॉलपेपर सगळेच बघतात. मराठी आपणच तपासली पाहिजे. 'दुसऱ्या', 'कैऱ्या', 'ऱ्हस्व', 'ॲप', 'उद्ध्वस्त', 'वाङ्मय' हे शब्द नोटपॅडमध्ये, वर्डमध्ये, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत आणि फाइलच्या नावात टाइप करा. 'ऱ्या'चा आकडा नीट जुळतो का, की र आणि य सुटे पडतात? बॅकस्पेस एकदा दाबल्यावर एक खूण जाते की अख्खं जोडाक्षर? मग तीच फाइल पीडीएफ करून तिच्यात 'दुसऱ्या' शोधा. डोळ्यांना बरोबर दिसणारं अक्षर शोधात सापडत नाही, हा दोष अशा वेळीच कळतो. विंडोजमध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. तो आणि इनस्क्रिप्ट दोन्ही लावून विंडोज कळ आणि स्पेसने अदलाबदल करून बघा.

ऑफिसात याहून महत्त्वाचं म्हणजे यूएसबीची उपकरणं: डिजिटल सहीचं टोकन, जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल, बिल छापणारा थर्मल प्रिंटर. विंडोजची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात आणि टोकन दिसेनासं होतं. टोकन दिसतं का, एवढं व्हर्च्युअलबॉक्समध्येही तपासता येतं, कारण यूएसबी उपकरण थेट आत देता येतं. हायपर-व्हीमध्ये तसं देता येत नाही. जीएसटीच्या तारखेच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा रिलीज प्रीव्ह्यूवर महिनाभर आधी कळलेलं बरं. अशा ऑफिसने एकच जुनं पण पात्र मशीन बाजूला काढावं, बाकीच्यांना हात लावू नये.

दोष सापडला तर तो कळवल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. विंडोज १० ची १८०९ आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला आली आणि काहींच्या 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स'मधल्या फाइल पुसल्या गेल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण जुन्या जागी काही फाइल ठेवल्या होत्या, त्यांना हा फटका बसला. चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं आणि ते पुन्हा सुरू झालं १३ नोव्हेंबरला. तक्रारी फीडबॅक हबमध्ये (विंडोजमधल्या दोष कळवायच्या जागी) आधीच आल्या होत्या. त्यांना मतं कमी मिळाली, म्हणून त्या गर्दीत खाली राहिल्या. त्या वेळी ती आवृत्ती रिलीज प्रीव्ह्यूमधून गेलीच नव्हती. या घटनेनंतर हबमध्ये दोषाची तीव्रता नोंदवायची सोय आली.

विंडोज कळ आणि एफ दाबलं की हब उघडतो. एका नोंदीत एकच दोष लिहा. शीर्षकात कुठल्या अ‍ॅपमध्ये काय होतं ते, मग बिल्डचा पूर्ण आकडा, कीबोर्ड कुठला होता, आणि दोष पुन्हा घडवायच्या पायऱ्या. 'मराठी नीट दिसत नाही' या नोंदीचं पुढे काही होत नाही. 'नोटपॅड, निर्मला यूआय फॉन्ट, फोनेटिक कीबोर्ड, दुसऱ्या लिहिताना र सुटा पडतो, आधीच्या बिल्डवर पडत नव्हता' एवढं लिहून स्क्रीनशॉट जोडा. फाइल पुसली जात असेल, तर तीव्रतेच्या रकान्यात सगळ्यात वरची पातळी निवडा.