अठरा वर्षं उभी राहिलेली एमजीबी: आठ महिने चालवल्यानंतर

इंग्लंडमध्ये आमच्या कॉव्हेन्ट्रीतल्या गल्लीत एका आजोबांच्या गॅरेजात 1970 ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चादरीखाली अठरा वर्षं उभी होती. 2022 मध्ये ती साडेतीन हजार पाउंडांना घेतली. रस्त्यावर आणायला दीड वर्षाच्या वर गेलं आणि त्यात आणखी साधारण सहा हजार गेले. एप्रिलपासून आजपर्यंत 3,100 मैल चालवून झालेत, तेव्हा आता सांगण्यासारखं काही आहे असं वाटतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती इंजिनाची होती आणि त्यानेच सगळ्यात कमी त्रास दिला. उभं राहून खराब झालं होतं ते रबर, ब्रेक ऑइल आणि टाकीतलं पेट्रोल. हे आधी कळलं असतं तर माझे पैसे आणि वेळ दोन्ही वेगळ्या क्रमाने खर्च झाले असते.

इंजिन 1798 सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजचं. आपल्या अॅम्बेसेडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. कऱ्हाडला माझ्या वडिलांनी, आप्पांनी, गॅरेजात उभा जन्म अॅम्बेसेडर खोलण्यात घालवला, त्यामुळे बॉनेट उघडून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने ढकलली, इंजिन मोकळं फिरलं. तेल आणि फिल्टर बदलून, प्लग न लावताच सेल मारत राहिलो. तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत ठिणगी द्यायची नाही, हे आप्पांनी तीनदा बजावलं होतं. बराच वेळ काटा शून्यावरच होता. मग एकदम वर चढला, आणि तिकडे कऱ्हाडला आईचा आवाज आला, "चढला का?"

सुरू झाल्यावर टकटक ऐकून आप्पा म्हणाले, "आरं, टॅपेट वाजत्यात. आधी गरम होऊ दे, मग बघ." इंजिन गार झाल्यावर पंधरा थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप, आणि हिशोब नऊचा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) ओढताना किंचित अडकली पाहिजे, लोण्यातून सुरी निघाल्यासारखी निघता कामा नये. अर्ध्या तासात आवाज बसला. दोन्ही एसयू कार्बोरेटर खोलून धुतले आणि त्यांच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या नळकांड्यात) तेल भरलं, तेवढ्यावर ते आजही नीट चालतायत.

टाकीचं मात्र वाईट झालं होतं. एमजीबीची टाकी डिकीच्या पत्र्याखाली असते आणि तिच्या माथ्यावर ओल धरून राहते, त्यामुळे ती वरून गंजते. माझ्या टाकीला वर सुईएवढी भोकं होती आणि आतल्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशचा वास. टाकी नवी घेतली, पाइप सगळे बदलले. इथे 2021 पासून साधं पेट्रोल ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय, जुन्या रबराला ते सोसत नाही. मी कमी इथेनॉलचं सुपरच भरतो.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. मागची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन गरम करून, टॉप गिअरमध्ये क्लच दाबला आणि ब्रेक मारला. खट् आवाज येऊन सुटली. हे करायच्या आधी ब्रेक नीट झालेले हवेत, हे लक्षात ठेवा.

ब्रेकच्या बाबतीत मी चूक केली आणि ती कुणी करू नये म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. मास्टर सिलिंडर नवा, मागचे व्हील सिलिंडर नवे, ब्रेक ऑइल नवं. पुढचे रबरी होज मात्र बाहेरून स्वच्छ, कुठे चीर नाही म्हणून तेच ठेवले. तिसऱ्या आठवड्यात गेडनच्या मोटार म्युझियमकडे निघालो होतो. फॉस वे हा रोमन काळातला सरळ रस्ता आहे, तिथे गाडी डावीकडे ओढू लागली. थांबून पाहिलं तर डाव्या चाकाजवळ हात नेता येईना, जळका वास येत होता. घरी होज ब्लेडने उभा कापला. आतलं रबर फुगून मधली वाट टाचणीएवढी उरली होती. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पाय काढल्यावर परत यायचं नाही. वीस पाउंडांच्या आत मिळणारी वस्तू, आणि बायको शेजारी बसलेली. तेव्हापासून माझा नियम एकच: रबर दिसायला कसंही असो, बदलायचं. टायरवरही आकडे असतात, आठवडा आणि साल: 2000 पासूनच्या टायरवर चार, त्याआधीच्यांवर तीन. माझे टायर 1999 चे होते, ट्रेड भरपूर, तरी काढून टाकले.

पत्र्याचं काम एका वर्कशॉपला दिलं होतं. त्यांनी सिलचा (दाराखालच्या लांब पत्र्याच्या पेटीचा) गंजका भाग न कापता वरून नवा पत्रा डकवला आणि लांबी (पुट्टी) भरून रंग मारला. रोडस्टरला पक्कं छप्पर नाही, सगळं बळ सिलमध्ये. जॅक लावला की दार अडकायचं, त्यावरून कळलं. दुसरीकडे आतपर्यंत कापून परत करून घेतलं, पैसे दुप्पट गेले. घेण्याआधी जॅक लावून दाराची फट बघाच.

सुट्या भागांची चणचण नाही. पाच लाखांवर एमजीबी बनल्या, 1988 पासून तर अख्खी बॉडीशेलसुद्धा नवी मिळते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि एमओटीची (दरवर्षीच्या गाडी तपासणीची) सक्ती नाही, पण मी एमओटी करून घेतली.

चालवायला कशी? स्टिअरिंग जड, क्लच जड, पण कापडी टप उघडून साठच्या वेगाने गेलो की पुढचं लांब बॉनेट आणि एक्झॉस्टचा घुमारा यांनी मन भरतं. गॅलनला 27 मैल मिळतात. किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावं लागतं, परवाच दिलं.

आता रस्त्यांवर बर्फासाठी मीठ पडायला लागलंय, त्याने पत्रा गंजतो, म्हणून फक्त कोरड्या दिवशी, दोन आठवड्यांतून एकदा, तेल नीट तापेपर्यंत पंधरा मैल. मागचे लिव्हर आर्म डॅम्पर (जुन्या पद्धतीचे शॉक अॅब्झॉर्बर) गळतायत, ते मागवलेत. मे महिन्यात आप्पा येणार आहेत, त्याआधी बसवायचेत.