पाट्यांचं प्रदर्शन: एका जुन्या पेंटरचा अभिप्राय

मी पाट्या रंगवणारा माणूस. बेळगावात खडेबाजाराजवळ 1972 साली उस्तादांचे ब्रश धुवायला लागलो, 1983 मध्ये पुण्यात आलो आणि फ्लेक्सने पोटावर पाय देईपर्यंत इथल्या दुकानांच्या पाट्या लिहिल्या. डेक्कनजवळच्या एका लहान कलादालनात सीमाभागातल्या पाट्यांवर प्रदर्शन लागलंय असं सुनेने सांगितलं, तेव्हा चित्रं बघायला म्हणून नाही, अक्षरं तपासायला गेलो.

चित्रकर्ती खानापूरकडची. तिने कुठल्याच कामावर सही केलेली नाही. त्या जागी तिच्या गावाचं नाव आहे, देवनागरीत आणि कन्नडात. तिची इच्छा ती, म्हणून मीही नाव लिहीत नाही.

पहिल्या खोलीत नऊ पत्रे आहेत. प्रत्येकावर बेळगावचं नाव थरावर थर रंगवून मग पॉलिश पेपरने घासलंय. सगळ्यात वर कन्नड ‘बेळगावी’, कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव तेच. त्याखालून इंग्रजी ‘बेलगाम’ डोकावतं, आणि पार तळाशी ‘बेळगांव’, अनुस्वारासकट, आम्ही लिहायचो तसं. मुलीचा हात पक्का आहे. कन्नड अक्षराच्या डोक्यावरचा तलेकट्टू तिने एका दमात ओढलाय, ब्रश कुठे उचलला ते कळत नाही. शिरोरेषा मात्र पट्टी लावून मारलीय. उस्तादांनी बघितली असती तर पुसायला लावली असती. खडूचा दोरा ताणून रेघ उठवायची आणि वरून शिरोरेषा हातानेच ओढायची, म्हणजे ती जिवंत राहते.

त्या पत्र्यांसमोर मी बराच वेळ उभा होतो. 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. तोच आमचा काळा दिवस, 1956 साली बेळगाव त्या राज्यात गेल्याचा. दिवसा उस्तादांनी दुकान बंद ठेवलं, दंडाला काळी फीत बांधली. रात्री कंदील घेऊन आम्ही दोघं ‘मैसूरु’ खोडून ‘कर्नाटक’ लिहायला बसलो, कारण ऑर्डर होती आणि घरात पाच पोरं होती. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. पण अक्षरात कसूर केली नाही.

दुसऱ्या खोलीतलं खणाचं काम सुनेला फार आवडलं. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला द्या, बेळगाव कर्नाटकातच ठेवा असं सुचवलं होतं. महाराष्ट्राने ते मानलं नाही. त्याच यादीतल्या गावागणिक खणावर एक टाका, तांबडा नाहीतर हिरवा. मी तांबडे मोजायला घेतले, नव्वदनंतर डोळ्यांनी दगा दिला. शेजारच्या फडताळात अडकित्ता, तुपाचं भांडं, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ असं कोरलेले दोन पेले, आणि प्रत्येकाखाली तेच नाव कन्नडात: अडकत्तरी, तुप्प, अण्णा, अक्का. कानाला लावायच्या यंत्रात तिच्या आजीचा आवाज आहे. आजी ‘येतोय’ म्हणत नाही, ‘येऊलालो’ म्हणते. पुण्यात पहिल्या वर्षी या एका शब्दावरून खोलीतले लोक मला वेड्यात काढायचे. इथे तोच ऐकायला रांग होती.

आता तक्रार. भिंतीवरची माहिती सगळी इंग्रजीत, तीही जड. विषय भाषेचा! मराठी भाषांतराचा कागद दाराशी ठेवलाय, त्यात बेळगावजवळच्या ‘येळ्ळूर’चं जोडाक्षर मोडलेलं: एक ळ, त्याला लोंबता हलन्त, शेजारी दुसरा ळ. आम्ही ते दोन ळ एकाखाली एक बसवायचो. ज्या गावाचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक 2014 च्या जुलैत पाडला, त्या गावाचं नाव तरी नीट छापा. काउंटरवरच्या मुलाला दाखवलं, तो म्हणाला, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे काका.

सर्वात जमलेलं काम शेवटचं. समोरासमोर दोन पाट्या, मध्ये फूटपट्टी. एक कर्नाटकातली, 2024 च्या कायद्याप्रमाणे 60 टक्के कन्नड. एक पुण्यातली, 2022 च्या नियमाप्रमाणे मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीहून लहान नाही. इथे मराठी पाटी हवी म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवलाय. बेळगावात टिळकवाडीत माझ्या भाच्याचं दुकान आहे, त्याने नवी कन्नड पाटी करून घेतली आणि फोनवर तासभर शिव्या दिल्या. त्याला मी ‘जुलूम आहे’ म्हणालो. त्या फूटपट्टीपाशी उभं राहिल्यावर ते दोन्ही आवाज माझेच आहेत हे जरा जड गेलं. (धंद्याच्या दृष्टीने दोन्ही कायदे उत्तम. मला वीस वर्षं उशीर झाला, एवढंच.)

पाचपैकी चार तारे. एक कापला तो ‘ळ्ळ’साठी. शिरोरेषा माफ.

प्रवेश फुकट आहे. जिना अरुंद, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर सोबत कोणीतरी न्या. गाडी नेऊ नका. पाचच्या सुमारास जा. पश्चिमेच्या खिडकीतून तिरकं ऊन पत्र्यांवर आलं की तळातला ‘बेळगांव’ वाचता येतो, ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही.